पाठराखीण गोजाबाई

टेंभुर्णी, २ मे १९७८

व्याही अण्णासाहेब ओव्हाळ यांस ज्ञानदेव सरवदे याचा सप्रेम जय भीम.

लग्न पार पडलं. आपल्याकडच्या मंडळींनी जेवणाला नावं ठेवली नाहीत, यावरून ती प्रवासानं फार दमली होती असं दिसतं. येत्या दहा तारखेला चि. कस्तुराला नांदायला पाठवतो आहे. जावई भीमराज न्यायला येणार आहेतच.

कस्तुरासोबत पाठराखीण म्हणून गोजाबाई येत आहे. गोजाबाई ही आमच्या अंबूबाईची धाकटी. कस्तुराची आई ती लहान असतानाच गेली हे आपणांस ठाऊक आहे. पोरगी मी एकट्यानं वाढवली. परक्या घरात सुरुवातीला जवळचं कोणीतरी तिच्यासोबत असावं, एवढीच इच्छा.

गोजाबाईची बडदास्त फार नाही. सकाळ-संध्याकाळ दूधभात. भाजीला तोंड लावत नाही. नव्या घरात बुजते, तेव्हा पहिले काही दिवस तिला एका खोलीत राहू द्यावं आणि अंगावर ओरडू नये. झोपायला कोपरा पुरतो. रात्री कुणाच्याही पायाशी येऊन झोपायची तिला सवय आहे, तेवढी चालवून घ्यावी.

आपला,
ज्ञानदेव सरवदे


चिंचवड स्टेशन, ६ मे १९७८

ज्ञानदेवराव, सप्रेम जय भीम.

आपलं पत्र पोचलं. सोजरबाईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

लग्नाच्या बैठकीत चार माणसांसमोर मी सांगितलं होतं, हुंडा नको, मानपान नको, रुखवत नको, आणि पाठराखीण म्हणून कुठलीही बाई पाठवू नका. जुन्या रूढी आपण सोडल्या त्या काय नव्या व्याह्यांच्या घरी पुन्हा पाळायला? आपण मान हलवलीत. ती मान होकाराची होती की नुसतीच हलत होती, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

माझ्या घरात दोन खोल्या. मागच्या खोलीत चूल, तीच आता नव्या जोडप्याला दिली. पुढच्या खोलीत आम्ही दोघं आणि माझे पक्षी. लाल मुनियांचा एक पिंजरा आहे आणि मुकादम नावाचा राघू आहे. दिवसभर लेथच्या खडखडाटात उभं राहून आल्यावर मला दोनच गोष्टी लागतात, कपभर चहा आणि मुनियांची चिवचिव. मुकादम पहाटे माझ्याच आवाजात 'भोंगा झाला, चला' असं ओरडून सगळी चाळ कामाला लावतो, आणि स्वतः काही करत नाही. म्हणून नाव मुकादम.

यात गोजाबाईंना कुठं झोपवू? आणि पायाशी येऊन झोपण्याची जी सवय आपण मोठ्या मनानं कळवली आहे, ती ऐकल्यापासून सोजरबाई माझ्याशी धड बोललेली नाही. बाईंचं वय काय, हे उलट टपाली कळवावं.

आपला,
अण्णासाहेब


टेंभुर्णी, १० मे १९७८ (पोस्टकार्ड)

अण्णासाहेब, जय भीम. वय अडीच महिने. आपण बाई पाठवू नका म्हणालात, बाई पाठवलेली नाही. भीमराजांसोबत दोघींना आज सकाळच्या एसटीत बसवून दिलं. कंडक्टरनं गोजाबाईचं तिकीट मागितलं नाही, यावरून काय ते समजावं. — ज्ञानदेव


चिंचवड स्टेशन, १४ मे १९७८

ज्ञानदेवराव, जय भीम.

आपलं पोस्टकार्ड काल मिळालं. पाठराखीण त्याच्या आधीच येऊन पोचली होती.

सोजरबाईनं गोजाबाईंसाठी शेजारून खाट मागून आणली होती. तिच्यावर नवं लुगडं काढून ठेवलं होतं, पाठराखणीला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून. म्हणजे रूढी मोडायला मी आणि पाळायला ती. चाळीतल्या बायका पाठराखीण बघायला दारात जमलेल्या. सूनबाईनं पदराखालची टोपली खाली ठेवली. आतून बाई बाहेर आल्या, खाटेवर चढल्या आणि लुगड्यावर बसल्या. पुढं त्यांनी लुगड्यावर काय केलं ते लिहीत नाही. आपण गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहात, आपल्याला कल्पना असेल.

मांजर, ज्ञानदेवराव. ज्या घरात आठ मुनिया आणि एक राघू आहे त्या घरात आपण मांजर पाठवलंत. दवाखान्यातली औषधं आपण गुरांना देता की स्वतः घेता?

परत पाठवावं तर सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. ठेवावं तर माझ्या पाखरांच्या जिवाला घोर. आता आपणच सांगा, या दोन जाती एका घरात कशा नांदवायच्या?

अण्णासाहेब


टेंभुर्णी, १९ मे १९७८

अण्णासाहेब, जय भीम.

लुगड्याबद्दल वाईट वाटलं. गोजाबाईला मात्र ते आवडलेलं दिसतं.

नांदवणं अवघड नाही. पिंजरे खिडकीत असतील तर छताच्या कडीला टांगावे. खाली पेटी, स्टूल, व्याही, जिच्यावरून उडी मारता येईल अशी कोणतीही वस्तू ठेवू नये. पिंजऱ्याच्या दाराला नुसती कडी पुरत नाही, तारेची खिट्टी घालावी. गोजाबाईचं पोट भरलेलं असावं, कारण उपाशी मांजराला उपदेश लागू पडत नाही. मुनियांच्या पिंजऱ्याखालचं फडकं तिच्या टोपलीत घालावं, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग रोज थोडा थोडा वेळ तिला लांबून पाखरं बघू द्यावी, घरातलं माणूस शेजारी बसलेलं असताना.

ओरडू नये. मारू नये. नव्या घरात पोर चुकते ती वाईट असते म्हणून नाही, तिला ते घर अजून कळलेलं नसतं म्हणून. तिच्याकडे टक लावून बघितलं तर ती जास्तच बुजते. आपलं काम करत राहावं. एक दिवस आपणहून जवळ येते.

हे सगळं मी मांजराबद्दल लिहिलं आहे.

ज्ञानदेव


चिंचवड स्टेशन, ६ जून १९७८

ज्ञानदेवराव, जय भीम.

आपल्या सूचना तंतोतंत पाळल्या. पिंजरे छताला टांगले. गोजाबाईचं डोकं त्यांना लागत नाही, माझं रोज लागतं.

पगाराच्या दिवशी माणसं कॅशियरच्या खिडकीकडे बघतात तशी आपली गोजाबाई मुनियांकडे बघत बसते. मुकादम पहिले दोन दिवस तिला बघून गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानं 'भोंगा झाला, चला' म्हणून आरोळी ठोकली तशी ती खाटेखाली पळाली. त्याला युक्ती सापडली. आता तो दिवसभर भोंगा वाजवतो, आणि चाळीतली दुसऱ्या पाळीची माणसं भरदुपारी झोपेतून उठून चपला शोधतात. आमचा अंधश्रद्धेवर विश्वास नाही. सकाळी गोजाबाई आडवी गेली की मी क्षणभर थांबतो, तो केवळ तिच्यावर पाय पडू नये म्हणून.

खरी तक्रार मांजराची नाही, आपल्या मुलीची आहे. महिना होत आला. सूनबाई काम चोख करते, पण तोंडातून 'व्हय', 'न्हाई' आणि 'जी' यापलीकडे शब्द नाही. भीमराजशी काय बोलते ते त्याचं त्याला ठाऊक, पण तोही हल्ली मानेनंच बोलायला शिकला आहे. सोजरबाईला वाटतं पोरीला गर्व आहे, बापाला सरकारी नोकरी आणि आम्ही कारखान्यातले तेलकट हातांचे. मी म्हटलं तसं नसेल. पण शेजारीण सांगते, आम्ही घरात नसलो की आतून बोलण्याचा आवाज येतो. सूनबाई मांजराशी बोलते. घरात तीन माणसं आहेत, ती कमी पडली.

गर्व असेल तर तसं लिहा. आजार असेल तर औषध लिहा.

अण्णासाहेब


टेंभुर्णी, ११ जून १९७८

अण्णासाहेब, जय भीम.

गर्व नाही आणि आजारही नाही. सवय आहे, आणि ती माझ्यामुळं लागली.

तिची आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी दवाखान्यातून यायचो आणि भिंतीला टेकून गप्प बसायचो. पोर माझ्याशी काय बोलणार? ती अंबूबाईशी बोलायची. 'अंबूबाई, दादा आज जेवलं न्हाईत बघ' असं ती मांजरीला सांगायची, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग मी उठून जेवायचो. आमचं सगळं बोलणं असं मांजरीमार्फत झालं. म्हणूनच गोजाबाईला सोबत दिली. आपल्याला ती थट्टा वाटली असेल. निम्मी होतीच.

सोजरबाईंना सांगावं, तिला समोर बसवून विचारू नका. भाकरी थापता थापता, दुसरीकडे बघत बोला. आणि घाई करू नका.

ता. क. अंबूबाई अजून गोजाबाईला शोधते. कोठीत जाऊन हाका मारते. पोरगी नांदायला गेली असं मी तिला सांगतो. तिला पटत नाही.

ज्ञानदेव


चिंचवड स्टेशन, १ जुलै १९७८

ज्ञानदेव सरवदे यांस,

माझी एक मुनिया गेली. पहिली पाळी करून घरी आलो तर पिंजऱ्याचं दार उघडं, सात मुनिया कोपऱ्यात गोळा झालेल्या आणि आठवी नाही. खाली जमिनीवर दोन पिसं, आणि पिसांच्या शेजारी आपली गोजाबाई स्वतःचं अंग चाटत बसलेली. याहून जास्त पुरावा कोर्टही मागत नाही.

सूनबाईला विचारलं, दार कुणी उघडलं? ती गप्प. म्हटलं, मग मांजर घराबाहेर जाईल. तरी गप्प. शेवटी मी रागानं म्हणालो, मांजराशिवाय करमत नसेल तर तूही जा. तशी ती फळीवरची टोपली काढून झटकायला लागली.

सोळा तारखेपर्यंत मला सवड नाही. त्या दिवशी गोजाबाईला एसटीत बसवतो. सूनबाई तिच्यासोबत निघाली तर मी अडवणार नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

अण्णासाहेब ओव्हाळ


टेंभुर्णी, ५ जुलै १९७८

अण्णासाहेब,

पिंजरा छताला टांगलेला. दाराला तारेची खिट्टी. म्हणजे गोजाबाईनं शिडी लावली, खिट्टी काढली, आठांतून एक मुनिया निवडली, बाकीच्या सात शिष्टाचार म्हणून मागं ठेवल्या, रक्ताचा थेंब न सांडता ती हाडांसकट गिळली, आणि दोन पिसं आपल्यासाठी पोचपावती म्हणून टाकली. चार महिन्यांचं मांजर एवढं करत असेल तर त्याला घरी बसवू नका, कंपनीत चिकटवा. लवकरच आपला साहेब होईल.

मांजरानं पाखरू खाल्लं की घरभर पिसांचा सडा पडतो, अण्णासाहेब. दोन पिसं तर मुनिया नुसती फडफडली तरी पडतात.

पण ते राहू द्या. आपण माझ्या पोरीला 'तूही जा' म्हणालात. तिनं उलट उत्तर दिलं नाही, टोपली काढली. गोजाबाईला एसटीत बसवायची तसदी घेऊ नका. सोळा तारखेला मी स्वतः येतो आणि दोघींना घेऊन जातो.

आता खरं तेही लिहितो. राग आला, पण त्याच्या पाठोपाठ मला आनंद झाला. कालच घर सारवून घेतलं. तिची वाकळ उन्हात घातली. अंबूबाईलाही सांगून टाकलं.

ज्ञानदेव


चिंचवड स्टेशन, १० जुलै १९७८

ज्ञानदेवराव, जय भीम.

हे पत्र लिहायला बसून बराच वेळ झाला. टोमणा सुचत नाही.

आपलं पत्र मी काल जेवताना मोठ्यानं वाचलं, सोजरबाईला ऐकू जावं म्हणून आणि सूनबाईलाही. 'तिनं उलट उत्तर दिलं नाही, टोपली काढली' इथवर आलो आणि वरून मुकादम बोलला. सात वर्षं मी त्याला शिकवतो आहे. त्याला माझाच आवाज येतो असा माझा समज होता. काल तो सूनबाईच्या आवाजात बोलला.

"गप गं. आपण बोलायचं न्हाई. आपलं घर न्हाई हे."

सूनबाई भाकरी वाढत होती. तिचा हात तिथंच थांबला. आम्हाला ऐकू गेलं नसेल असं वाटून मुकादमानं ते पुन्हा म्हटलं, अगदी तिच्यासारखं, हळू आवाजात. राघू एका दिवसात शिकत नाही हे आपल्याला मी काय सांगावं? आम्ही घरात नसताना ती रोज त्या पिल्लाला हे समजावत होती, तेव्हा कुठं त्याच्या तोंडात ते बसलं.

मग सोजरबाई उठली. फळीवरून काहीतरी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तारेची खिट्टी होती. कंपनीचा शर्ट धुताना माझ्याच खिशात सापडलेली. त्या दिवशी सकाळी मुनियांना राळे घालताना मी काढली, खिशात टाकली आणि पाळीला पळालो. मुनिया उघड्या दारातून उडून गेली, दुसरं काही झालं नाही. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही दाखवलीस? तर म्हणाली, तुमचा भोंगा बंद व्हायची वाट बघत होते.

मी सूनबाईला विचारलं, दार माझ्याकडून उघडं राहिलं हे तुला ठाऊक होतं का? म्हणाली, "व्हय मामंजी. मी बघितलं हुतं." मग बोलली का नाहीस, म्हटलं. तिनं नुसतं मुकादमाकडे बोट दाखवलं.

जातीपातीचं घर नको म्हणून मी बापाशी भांडून गाव सोडलं, बैठकीत मोठमोठ्यानं बोललो, रूढी मोडल्या. आणि माझ्याच घरात एक पोर मांजराला सांगते की हे आपलं घर नाही.

सोळाला या. गोजाबाई कुठंही जाणार नाही. सूनबाईचं तिनं स्वतः ठरवावं. न्यायला आलात तर आपल्याला अडवायचा अधिकार मी घालवला आहे. 'माझा शब्द म्हणजे शब्द' असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते वाक्य खोडावं.

आपला,
अण्णासाहेब


टेंभुर्णी, २१ जुलै १९७८

अण्णासाहेब, जय भीम.

सुखरूप पोचलो. जाताना रिकामी नेलेली पिशवी येताना सोजरबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीनं भरून दिली, म्हणजे आपल्याकडून अगदीच मोकळ्या हातानं आलो असं कुणी म्हणायला नको.

आपण पाळीवरून यायच्या आधी काय झालं ते आपल्याला कुणी सांगितलं नसेल. मी पोचलो तेव्हा कस्तुरानं चहा केला आणि मला विचारलं, "दादा, साखर किती घालू?" माझ्या घरात इतकी वर्षं तिनं कधी विचारलं नव्हतं. पाहुण्याला विचारतात. मी तिथंच समजायला हवं होतं, पण बापाला उशिरा समजतं. मी म्हटलं, चलतेस ना? ती म्हणाली, आत्याबाईंचा गुडघा धरलाय, यांची दुसरी पाळी हाय, डबा कोण करील? बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. पण मांजरीकडेही बघत नव्हती.

तरी मी आशा सोडली नव्हती. मग आपण आलात. तेलकट पायांनी पुसलेल्या फरशीवर तिसरं पाऊल टाकलंत, आणि चुलीपाशी बसून ती म्हणाली, "मामंजी, पाय धुऊन या. आत्ताच पुसलंय." सगळे गार झाले. तीही. मला वाटलं, आता या माणसाचा भोंगा वाजणार. आपण मुकाट्यानं मागं फिरलात आणि नळावर गेलात.

तेव्हा मी ओळखलं की माझी फेरी फुकट गेली. परक्या घरातली फरशी मळली तर कुणी दटावत नाही, अण्णासाहेब. मला तिनं जन्मात असं दटावलं नाही. मला जे सांगितलं ते अंबूबाईमार्फत.

आनंद झाला. एसटीत रडलो. दोन्ही लिहून ठेवतो, त्यातलं आपल्याला जे सोयीचं ते घ्यावं.

ज्ञानदेव


चिंचवड स्टेशन, २ नोव्हेंबर १९७८

ज्ञानदेवराव, सप्रेम जय भीम.

दोन पत्रं टाकली, आपलं एकच पोस्टकार्ड, त्यात 'सर्व ठीक'. सर्व ठीक असल्याचं लिहिणारा माणूस मी कंपनीत रोज बघतो, त्याचं मशीन हमखास बंद पडलेलं असतं.

दसऱ्याला भीमराज आपल्याकडे येऊन गेला. चुलीत मांजर व्याली असं लोक बोलण्यात म्हणतात. तो सांगतो, आपल्याकडे ती खरोखर व्याली आहे. अंबूबाई आणि चार पिल्लं आपल्या चुलीत राखेवर झोपलेली त्यानं डोळ्यांनी बघितली. म्हणजे चूल कधीपासून थंड आहे याचा हिशोब करायला मोठं शिक्षण लागत नाही. हे ऐकून सूनबाईनं दोन दिवस कुणाशी शब्द काढला नाही. तिच्या जुन्या सवयीनं आता आम्हाला भीती वाटते.

तेव्हा आपल्या घरी पाठराखीण पाठवतो आहे. घाबरू नका, बाई नाही. पाय दोन आहेत, नाव मुकादम. भीमराज घेऊन येईल.

बडदास्त फार नाही. भिजवलेली डाळ, पेरू आणि हिरवी मिरची. नव्या घरात बुजतो, तेव्हा अंगावर ओरडू नये, ओरडण्याचं काम त्याचं आहे. आपल्याकडे मांजरांचं आख्खं कुटुंब आहे, म्हणून पिंजरा छताला टांगावा, दाराला तारेची खिट्टी घालावी, आणि ती खिशात घालून दवाखान्यात जाऊ नये. असं मला एका कंपाउंडरनं सांगितलं होतं.

जिवापाड जपलेला राघू का देता, असं विचारू नका. तो अजून अधूनमधून 'आपलं घर न्हाई हे' म्हणतो. सूनबाई शरमते, आणि पाहुण्यांना वाटतं आम्ही भाडं थकवलंय. एवढं कारण पुरे. पहाटे चाळ कोण उठवणार हा प्रश्न आहे, पण आता सूनबाईचाही आवाज मोठा झाला आहे. सध्या ती त्याला गुपचूप काहीतरी शिकवते. मी आलो की दोघं गप्प.

आपला,
अण्णासाहेब


टेंभुर्णी, २० नोव्हेंबर १९७८

अण्णासाहेब, सप्रेम जय भीम.

पाठराखीण पावली. पहिले काही दिवस तोंडातून शब्द नाही. आपल्या घरून आल्यावर गप्प बसायची पाळी याच्यावर आली, म्हणून मीही घाई केली नाही. टक लावून बघितलं नाही. अंबूबाई खाली बसून वर बघते. खिट्टी जागेवर आहे, खिसे रोज तपासतो.

कस्तुरा त्याला काय शिकवत होती ते भीमराजांनी मला सांगून टाकलं. 'दादा, जेवा.' मी रोज संध्याकाळी पिंजऱ्याखाली बसून त्याची वाट बघत होतो. ते त्यानं अजून म्हटलेलं नाही, आणि म्हणेल असं वाटत नाही. शिकवलेलं तो शिकत नाही, रोजचं ऐकलेलं शिकतो. 'आपलं घर न्हाई हे' मात्र इथं आल्यापासून एकदाही म्हणाला नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून आलो, चपला काढल्या आणि तसाच आत शिरलो. वरून कस्तुरा बोलली. मी दचकून चुलीकडे बघितलं.

"मामंजी, पाय धुऊन या. आत्ताच पुसलंय."

आवाज तिचा, चढलेला, हक्काचा. आपण हे रोज ऐकता, म्हणूनच तो शिकला. आपल्या पायांना कधीच अक्कल येऊ नये, ही विनंती.

माझी जमीन शेणानं सारवलेली, ती पुसायचा प्रश्न येत नाही. पण पोरीचं बोलणं खोटं पडू नये म्हणून आता मी सकाळी घर झाडून काढतो. चूल आता पेटणार म्हणून पिल्लं टोपलीत हलवली. चार आहेत, आपल्याकडे मुनिया सात, तेव्हा काही लागलं तर कळवावं. संध्याकाळी मी दारात आलो की राघू मला मामंजी म्हणतो. मी निमूटपणे मागं फिरतो, पाय धुतो आणि मग घरात येतो.

आपला,
ज्ञानदेव